४५० किलोचे लेथ घरात न्यायचे आहे: रॅम्प, हँड ट्रॉली की रोलर?

भिंगरी

नमस्कार मंडळी. घरातच छोटी कार्यशाळा मांडते आहे आणि त्यासाठी एक वापरलेले लेथ (धातूचा तुकडा फिरवून कातायचे यंत्र) पक्के केले आहे. ओतीव स्टँड धरून वजन ४५० किलोच्या आसपास, लांबी १.६ मीटर, चिप ट्रे काढला तर रुंदी ६० सेंमी. अंगणात गाडीवरून खाली उतरवून मिळणार आहे. अडचण तिथून पुढे सुरू होते. जोत्यावर चढायला १५ सेंमीच्या तीन पायऱ्या, मग ९० सेंमीचे दार, २ सेंमी उंच उंबरठा, १.१ मीटर रुंदीचा बोळ आणि उजव्या हाताला खोली. जमिनीवर टाइल्स.

माझ्याकडे २५० किलो क्षमतेची दोन चाकांची हँड ट्रॉली आहे. फळ्यांचा रॅम्प करून मशीन सुटे करत ट्रॉलीवरून नेता येईल का? की चारचाकी डॉली बनवून अख्खेच ढकलावे? मदतीला तीन जण आहेत. कुणी असे काम केले असेल तर कृपया सविस्तर लिहा.

रांगडा

इतका विचार कशाला? सात-आठ धट्टीकट्टी माणसे बोलवा, खालून दोर घाला आणि उचला. तीन पायऱ्या तर आहेत. आम्ही मोठमोठी कपाटे अशीच चढवली आहेत.

जुना फिटर

रांगडा, तुमचा अनुभव खरा असेल, पण कपाट आणि लेथ यांत मोठा फरक आहे. कपाटाचे वजन सगळीकडे सारखे पसरलेले असते. लेथचे निम्म्याहून जास्त वजन हेडस्टॉकच्या (तुकडा धरून फिरवणारा जड भाग) टोकाला आणि तेही वरच्या अंगाला असते. आठ जणांनी उचलले तरी प्रत्येकाच्या वाट्याला ५६ किलो कधीच येत नाहीत. हेडस्टॉककडच्या दोघांना शंभराच्या वर जाते, टेलस्टॉककडचे (समोरच्या हलक्या टोकाकडचे) मोकळेच चालतात. पायरीवर तिरपे झाले की खालच्यांवर आणखी भार सरकतो. त्यातल्या एकाचा हात सुटला तर त्याचे वजन त्याच क्षणी शेजारच्यावर पडते आणि मग तोही सोडतो. मशीन माणसांनी उचलू नये, सरकवावे.

भिंगरीताई, वर कसे चढवायचे हे सगळेच विचारतात. मी आधी दुसरे विचारतो: मशीन रॅम्पच्या मध्यावर असताना सगळ्यांनी एकदम हात सोडले तर ते कुठे जाईल? ‘जागेवरच राहील’ असे उत्तर मिळेपर्यंत काम सुरू करायचे नाही. पुढचे सगळे याच एका गोष्टीसाठी लिहितो आहे.

पहिले काम सुटे करण्याचे. चक, टेलस्टॉक, मोटर, चेंज गिअरचे झाकण, टूलपोस्ट हे सगळे काढा. जमले तर बेड (ज्यावर हे सगळे भाग बसतात तो लांब ओतीव कणा) स्टँडवरून वेगळा करा. या मापाच्या मशीनमध्ये हेडस्टॉकसकट बेड २५० ते २८० किलोचा राहील, स्टँड शंभराच्या आत. स्टँड, मोटर, टेलस्टॉक तुमच्या हँड ट्रॉलीवर निवांत जातील. बेड मात्र ट्रॉलीवर घालू नका. ट्रॉलीवर लिहिलेले २५० किलो हे सपाट जमिनीवरचे, वजन नीट मध्यावर असतानाचे आहे. रॅम्पवर, एका बाजूला जड असलेल्या ओतकामासाठी ते धरता येत नाही. शिवाय दोन चाकांवरचा बेड सोडला की पडतोच. माझ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच चुकते.

बेडच्या पायांना खालून दोन जाड लाकडी पट्ट्या बोल्टने पक्क्या करा, मशीनच्या स्वतःच्या फाउंडेशनच्या भोकांतून. पट्ट्या लांबीच्या दिशेने, पुढची टोके होडीसारखी वर तासलेली. त्या दोन पट्ट्या आडव्या तुकड्यांनी जोडून ८० सेंमी रुंदीची घसरपाटी करा. ९० च्या दारातून ती जाते. रुंदी का, तर अख्ख्या मशीनचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ८० सेंमीवर आणि पाया ५० सेंमी रुंद असेल, तर ते १७ अंशांना कलंडते. तोच पाया ८० सेंमी केला की २६ अंशांपर्यंत उभे राहते. नुसता बेड असला तर गुरुत्वमध्य आणखी खाली येतो.

कॅरेज (हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग) टेलस्टॉकच्या टोकाकडे सरकवून लॉक करा, म्हणजे तोल थोडा मध्याकडे येतो. पट्टा किंवा साखळी लीडस्क्रू, फीड रॉड (कॅरेज सरकवणारे लांब दांडे) किंवा स्पिंडलला (चक फिरवणारा आस) कधीही घालू नका. वाकलेला लीडस्क्रू सरळ करणे हे मशीन विकत घेण्याहून मोठे काम असते.

त्रिज्या

फिटरकाकांच्या म्हणण्याला थोडे गणित जोडते. रॅम्पवर वर ओढायला लागणारा जोर म्हणजे वजन गुणिले चढाच्या कोनाचा साइन, अधिक घर्षण. जोते ४५ सेंमी उंच. रॅम्प १.८ मीटर ठेवला (चढ १:४) तर ४५० किलोला नुसता चढाचा जोर सुमारे १०९ किलो. २.७ मीटर केला (१:६) तर ७४ किलो. ५.४ मीटर (१:१२, चाकाच्या खुर्चीसाठी हाच चढ धरतात) केला तर ३७ किलो. चाकांचे स्वतःचे घर्षण कडक जमिनीवर दोन-तीन टक्के, म्हणजे दहा-पंधरा किलो आणखी. अंगणात जागा असेल तितका लांब रॅम्प घ्या.

आता उंबरठा. इथे बहुतेकांची डॉली अडते आणि मग लोक जोरात धक्का देतात. १० सेंमी व्यासाचे चाक २ सेंमीच्या उंबरठ्याला टेकले असेल, तर ते वर चढवायला चाकावरच्या भाराच्या सव्वापटीहून जास्त आडवा जोर लागतो. चाकावर ११० किलो असतील तर दीडशेच्या घरात. तेच चाक २५ सेंमी व्यासाचे असले तर ६५ टक्के. कमी झाले तरी भरपूर आहे. म्हणून उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना लांब, चपटी पाचर ठेवून तो चढ-उतार करून टाका. दोन सेंमीसाठी २५-३० सेंमी लांबीची पाचर पुरे. रॅम्पच थोडा उंच करून थेट उंबरठ्याच्या पातळीला आणता आला तर आणखी बरे, मग आतल्या बाजूलाच पाचर लागेल.

हँड ट्रॉलीबद्दल. ट्रॉली मागे कलवल्यावर एक जागा अशी येते की सगळे वजन आसावर बसते आणि मुठींवर जवळपास काहीच राहत नाही. ती जागा हाताला कळते. १०० किलोचे ओझे, गुरुत्वमध्य आसापासून ६० सेंमी वर, मुठी १२० सेंमीवर असतील, तर त्या जागेपासून १० अंश ढळल्यावर मुठींवर आठ-नऊ किलो येतात, २० अंशांना १७. यात एक खुबी आहे: हा कोन उभ्या रेषेपासूनचा आहे, रॅम्पपासूनचा नाही. रॅम्पवर चढताना फळीकडे बघून ट्रॉली ‘नेहमीसारखी’ धरली की तोल बिघडतो. ओझ्याकडे बघा, फळीकडे नको.

सुतारपक्षी

फळ्यांचे मी सांगतो. २.७ मीटर अंतरावर २५ सेंमी रुंद आणि ५ सेंमी जाड अशा दोन फळ्या टाकल्या आणि प्रत्येकीवर मध्यभागी २२५ किलो आले, तर चांगल्या लाकडाची फळीसुद्धा साडेतीन सेंमीच्या आसपास वाकते. मोडली नाही तरी वाकलेल्या फळीवर मशीन खड्ड्यात बसल्यासारखे होते, आणि दोन फळ्या कमी-जास्त वाकल्या तर ते आडवे कलते. ते जास्त वाईट. मध्यावर भक्कम टेकू द्या. अंतर निम्मे झाले की वाक आठव्या हिश्शावर येतो, म्हणजे चार-पाच मिलीमीटर. टेकू म्हणजे विटांची रास नव्हे. लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून, खाली रुंद, वर अरुंद.

जाडीबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो. दोन फळ्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर ताकद दुप्पट होते. एकसंध दुप्पट जाडीची फळी चौपट ताकदीची असते. मिळत असेल तर जाड फळीच घ्या. मधोमध गाठ असलेली, किंवा ज्या फळीचे धागे तिरपे बाहेर निघालेले दिसतात ती रॅम्पला वापरू नका.

आणि दोन्ही टोके बांधा. माणूस फळीवर उभा राहून ढकलतो तेव्हा त्याच्या पायांचा रेटा फळीला मागे, अंगणाकडे लोटतो. वरून घरातून ओढता तेव्हा, विशेषतः घासत ओढता तेव्हा, फळी मशीनबरोबर वर सरकू पाहते. खालच्या टोकाला जमिनीत खुंट्या, वरच्या टोकाला फळीच्या पोटाशी आडवी पट्टी, जी जोत्याच्या कडेला अडेल. दोन्ही फळ्या एकमेकींनाही तीन-चार ठिकाणी आडव्या पट्ट्यांनी जोडा. फाकत जाणाऱ्या दोन फळ्यांइतकी भीतिदायक गोष्ट दुसरी नाही.

भिंगरी

खूप धन्यवाद, इतके तपशील मिळतील असे वाटले नव्हते. बेड वेगळा काढता येतो, विक्रेत्याला विचारले.

दोन शंका. एक, फिटरकाका घसरपाटी म्हणताहेत, चाके नकोतच का? त्रिज्याताईंच्या हिशेबाने चाकांवर जोर किती कमी लागतो! दुसरी, ओढायचे कशाने आणि ते बांधायचे कशाला? दाराच्या चौकटीला?

जुना फिटर

चौकटीला अजिबात नाही. चौकट भिंतीत चार-सहा पकडींवर बसलेली असते, ओढ सोसायला ती केलेलीच नाही. खिडकीच्या गजांनाही नाही.

घरात रॅम्पच्या रेषेत समोर दुसरे दार असेल तर त्याच्या पलीकडच्या बाजूला एक जाड वासा किंवा लोखंडी पाइप आडवा लावा, दोन्हीकडे भिंतीवर निदान ३० सेंमी टेकेल इतका लांब, मध्ये फळीचे तुकडे घालून, म्हणजे गिलावा फुटणार नाही. त्या वाशाच्या मध्यावर साखळी. मग ओढ पूर्ण भिंतीवर दाबाने येते, उपसून काढणारा जोर कशावरच येत नाही. मात्र भिंत चांगल्या जाडीची, पक्क्या बांधकामाची हवी. पातळ पार्टिशनला हे करायचे नाही.

ओढायला लिव्हर हॉइस्ट (हँडल मारून साखळी ओढणारे साधन) घ्या, ७५० किलो किंवा एक टनाचा. वर टांगायचा चेन ब्लॉक आडवा वापरला की त्याची हाताची साखळी अडकते. लिव्हर हॉइस्ट कोणत्याही दिशेला चालतो. त्यात भारानेच आवळला जाणारा ब्रेक असतो, त्यामुळे हँडल सोडले तरी साखळी जिथल्या तिथे थांबते आणि मागे सोडतानाही थोडी थोडी सुटते. तारेच्या दोरावर चालणारा साधा पुलर असेल तर ओढताना दोरावर जाड सतरंजी टाकून ठेवा आणि दोराच्या रेषेत कुणीही उभे राहू नये. ताणलेली तार तुटली की मागे उसळून येते.

ओढ खाली, घसरपाटीच्या पुढच्या आडव्या तुकड्याला बांधायची. मशीनच्या कमरेला बांधली तर तुम्ही ते ओढत नसता, पुढे पाडत असता.

आता चाकांचे. सपाटीवर चाके किंवा पाइप, रॅम्पवर घसरण. हे उलटे वाटेल, म्हणून आकडे देतो. १:६ च्या चढावर चाकांवरचे ४५० किलो ओढायला ८५-९० किलो पुरतात, मान्य. पण ओढणारा थांबला की तेच ७४ किलो मशीनला खाली ओढत राहतात, आणि सुटले तर तुमच्या अंगणात कोण कुठे उभे आहे हे ते बघत नाही. लाकडी पट्टी कोरड्या लाकडी फळीवर घासत नेली तर अडीचशे किलोपर्यंत ओढ लागते. हॉइस्टला ती काहीच नाही, एका हाताने हँडल मारता. पण हॉइस्ट, साखळी, हूक, काहीही दगा देवो, मशीन तिथेच बसून राहते, कारण तो चढ साडेनऊ अंशांचा आहे आणि कोरड्या लाकडावरचे लाकूड त्याहून कितीतरी जास्त कोनापर्यंत सरकत नाही. घर्षण इथे तुमच्या बाजूने काम करते, त्याला घालवू नका. फळ्यांना तेल, साबण, मेण काहीही लावायचे नाही. पाऊस पडून गेला असेल तर फळ्या वाळू द्या. १:४ चा चढ मी यासाठीच टाळतो. तिथे हा भरवसा कमी होतो.

तरीही मागे पाचर हवीच. दर हातभर सरकले की मागच्या पट्टीला पाचर लावायची, लांब दांडा ठोकलेली, बाजूला उभे राहून. हाताने नाही, आणि रॅम्पच्या खालच्या बाजूला जाऊन तर नाहीच. मशीनच्या खाली, उताराच्या रेषेत, एकही माणूस नको. वस्तू उचलायला खाली वाकणारे लहान मूलसुद्धा नको, घरात असतील तर त्यांना आधीच दुसरीकडे पाठवा.

हुकूम एकाचाच. ‘थांबा’ मात्र कुणीही म्हणू शकतो, आणि तो शब्द आला की कारण न विचारता थांबायचे.

ओळंबा

बांधकामाच्या बाजूने थोडे. तळमजल्यावर, भरावावर टाकलेली जमीन असेल तर वजनाची काळजी फारशी नाही, टाइल्सची आहे. टाइलखाली पोकळी असली तर एकाच चाकाचा भार तिला फोडतो. लाकडी दांड्याने टाइल्स ठोकत पूर्ण वाट तपासा. पोकळ आवाज येतो त्या खडूने खुणवा. वाटेवर १८ मिमी प्लायवुडचे पत्रे अंथरा, तीन पुरतात, मागचा उचलून पुढे टाकत जायचे. जोड पोकळ टाइलवर येऊ देऊ नका.

वाचणाऱ्यांपैकी कुणी वरच्या मजल्यावर असे मशीन नेणार असेल तर वेगळा विचार करा. राहत्या घरांच्या स्लॅबसाठी बहुतेक नियमावल्यांत १.५ ते २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे साधारण १५० ते २०० किलो, इतका वापरभार धरतात. ४५० किलोचे मशीन १.६ × ०.६ मीटरच्या जागेत बसले तर तिथे सव्वादोनपटीहून जास्त भरते. स्लॅब लगेच खाली येईल असे यातून निघत नाही, कारण बाकीची खोली मोकळी असते आणि भार पसरतो. पण तुळईवर की स्लॅबच्या मध्यावर, भिंतीलगत की खिडकीच्या कडेला, याने फार फरक पडतो. अभियंत्याला नकाशा दाखवून जागा ठरवा. नेतानाचा मार्गही दाखवा, जिन्याच्या चौकासकट.

सुईदोरा

माझे मशीन तुमच्यापेक्षा खूप लहान, ९० किलोचे औद्योगिक शिलाई मशीन, टेबलासकट. पण जिन्याने एक मजला चढवायचे आहे आणि आम्ही दोघी बहिणीच आहोत. तीन-तीन चाकांच्या चांदणीसारखी जिना चढणारी ट्रॉली मिळते, ती चालेल का?

त्रिज्या

सुईदोरा, आधी हेड टेबलापासून वेगळे करा. मोटर क्लच प्रकारची असेल तर तिचे वजन चांगलेच भरते, तीही काढा. मग एकेक भाग ३०-४० किलोचा होतो.

तीन चाकांची ट्रॉली चालते, पण तिच्याबद्दल अपेक्षा नेमकी ठेवा. ती धक्के कमी करते, वजन कमी करत नाही. प्रत्येक पायरीला ओझे तितकेच वर उचलावे लागते. वरची व्यक्ती ट्रॉली मागे कलवून ओढते, चढताना पाठमोरी. ओझे नेहमी ओढणारीच्या खालच्या अंगाला, चढतानाही आणि उतरवतानाही. मदतनीस बाजूला उभी राहू शकते, ओझ्याच्या थेट खाली नको. जिना अरुंद असल्यामुळे बाजूला जागा नसेल तर खाली उभे राहण्यापेक्षा वरून एक दोर ट्रॉलीच्या चौकटीला बांधून वरच्या चौकातल्या पक्क्या खांबाला दोन वेढे द्या आणि दुसरीने सुटे टोक हातात धरून ढिलाई घेत राहावे. गुळगुळीत खांबावर दोराचा एक वेढा साधारण सहापट ओढ पेलतो, दोन वेढे तीस-चाळीसपट. म्हणजे ४० किलोसाठी हातात एक-दीड किलोची पकड पुरते. खांब खरेच पक्का हवा, हलणारा कठडा चालणार नाही.

आणि ओझे ट्रॉलीला पट्ट्याने आवळा, दोन ठिकाणी. नुसते टेकवलेले ओझे पहिल्याच धक्क्याला सरकते.

भिंगरी

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. समोरासमोर दार आहे, पलीकडे जाड भिंत. अंगणात २.७ मीटरचा रॅम्प बसतो.

शेवटचा भाग विचारते. दारातून आत आल्यावर बोळात वळायचे कसे? आणि खोलीत पोचल्यावर खालची घसरपाटी काढायची कशी? क्रेन आत येणार नाही.

जुना फिटर

वळणाचा विचार अंगणातच करायचा. बोळ १.१ मीटर, बेड १.६ मीटर. बोळात तो गरकन फिरवता येणार नाही, कोपऱ्यातून तिरपा काढावा लागेल, आणि एकदा आत शिरला की कोणते टोक पुढे हे बदलता येत नाही. हेडस्टॉक खोलीत कोणत्या भिंतीकडे हवा ते आधी ठरवा. पुठ्ठ्याचा १.६ बाय ०.८ मीटरचा तुकडा कापून संपूर्ण वाटेवर जमिनीवरून सरकवत न्या. पुठ्ठा अडला तर मशीन अडणार. खोलीचे दार बिजागऱ्यांवरून उतरवून ठेवा, दाराच्या जाडीमुळे तीन-चार सेंमी जातात आणि नेमके तेच कमी पडतात.

शक्य असेल तर रॅम्पवर हेडस्टॉकचे टोक पुढे, वरच्या अंगाला घ्या. रॅम्पच्या माथ्यावर एक क्षण येतो जेव्हा पुढचा भाग हवेत असतो आणि मग घरात टेकतो. जड टोक पुढे असले की ते लवकर टेकते आणि मागे घसरायची ओढ राहत नाही. तिथे आपटू नये म्हणून माथ्याच्या आत पातळ फळ्यांच्या दोन-तीन पायऱ्या रचून ठेवा, म्हणजे पाटी हळूच आडवी होते. हॉइस्ट इथे एकेक खटक्याने चालवायचा.

आत आले की पाइप. ४० मिमी बाहेरच्या व्यासाचे, जाड भिंतीचे, पाटीच्या दोन्हीकडे थोडे बाहेर राहतील पण बोळात मावतील इतके लांब, पाच नग. तीन खाली, दोन पुढे मांडायला. पाटीचे टोक पहारीने उचलून पहिला पाइप सारायचा. सरळ जायचे तर पाइप काटकोनात, वळायचे तर पुढचा पाइप टोकावर हातोडीने ठोकून तिरपा करायचा, मशीन त्याच्या मागे आपोआप वळते. हाताने किंवा पायाने पाइप सरळ करायला जाऊ नका. बोटे जायची जागा हीच आहे.

पाटी काढताना पुन्हा पहार आणि ठोकळे. एक टोक बोटभर उचला, लगेच खाली बोटभर जाडीचा ठोकळा. मग दुसरे टोक. मशीन कधीही नुसत्या जॅकवर किंवा पहारीवर राहता कामा नये. तुमच्याकडे बेड स्टँडवर चढवायचा आहे, म्हणजे ७० सेंमी वर. त्यासाठी घडी होणारा इंजिन हॉइस्ट (पुढे आडवा हात असलेली चाकांवरची छोटी क्रेन) भाड्याने आणा, तो दारातून आत येतो. त्याच्या हातावर लिहिलेली क्षमता नीट वाचा. हात पूर्ण बाहेर काढला की दोन टनांचा हॉइस्ट अर्ध्या टनापर्यंत उतरतो. बेडला पट्टा हेडस्टॉकच्या लगत, लीडस्क्रूच्या आतून लाकडी ठोकळा घालून, आणि आधी फक्त दोन सेंमी उचलून तोल बघा. टेलस्टॉककडे कलत असेल तर खाली ठेवा, पट्टा सरकवा, पुन्हा उचला.

सुतारपक्षी

पाटीचे बोल्ट स्टँडच्या बोल्टांत मिसळू देऊ नका, वेगळ्या डब्यात ठेवा. लांबी वेगळी असते आणि लांब बोल्ट चुकून स्टँडला लावला तर तळाला टेकतो, घट्ट लागल्यासारखा वाटतो पण बेड सैल राहतो.

त्रिज्या

बसवल्यावर बेडची पातळी दोन्ही टोकांना आडवी मोजा, प्रिसिजन लेव्हलने. दोन्हीकडचे वाचन सारखे यायला हवे. बेड पिळलेला राहिला तर टर्निंगला टेपर येतो, म्हणजे कातलेला तुकडा एका टोकाला निमुळता होतो. पायांखाली पितळी शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून दुरुस्त करा. काही दिवसांनी, जमिनीवर भार बसला की परत मोजा, पहिल्या आठवड्यात वाचन सरकलेले दिसते.

भिंगरी

पुठ्ठा कापून बघितला. खोलीच्या दाराशी पाटीचा मागचा डावा कोपरा बोळाच्या भिंतीला लागतो. पाटी मागच्या टोकाला ७० सेंमी आणि पुढे ८० अशी निमुळती केली तर चालेल?

जुना फिटर

चालेल, मागचे टोक हलके आहे. फक्त मागचा आडवा तुकडा पट्ट्यांना दोन-दोन बोल्टने धरा, एका बोल्टवर तो फिरेल.